खाटेवरची झूल

पोळा तोंडावर आला आणि झड लागली. दणकून पाऊस पडला असता तर लोकांनी चार शिव्या देऊन मन मोकळं केलं असतं. हा धड पडतही नव्हता आणि राहतही नव्हता, नुसता आभाळातून पाझरत होता. कपाशी पिवळी पडली. वावरात पाय टाकला की पायाबरोबर वावर वर येत होतं. भिंतीला हात लावला तर हात ओला, न लावला तरी ओलाच.

मुंबई राज्याचा महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. राज्य नवं झालं होतं. पुंजारामच्या घरावरचे कवेलू मात्र जुनेच होते.

उन्हाळ्यात त्याने ही कौलं फेरायला, म्हणजे काढून नीट बसवायला, घेतली होती. बाप नत्थुजी दम्याने खाटेला लागलेला, म्हणून सुरुवात बापाच्या खाटेच्या वरून केली. तेवढा तुकडा पुरा झाला आणि पुंजारामचा पाय घसरला. खाली शेणाचा ढीग होता म्हणून हाडं शाबूत राहिली, पण कंबर धरली ती पेरणीपर्यंत सुटली नाही. त्यामुळे साऱ्या घरात एक खाट मावेल एवढीच जागा कोरडी होती. बाकी जिथे गळती तिथे त्याच्या बायकोने, जमुनाने, भांडं मांडलं. भांडी संपली, गळत्या उरल्या.

अशात एका दुपारी तेल्हाऱ्याच्या वाटेवर, नाल्याच्या अलीकडे, एक जीप काळ्या मातीत बसली. चाकांनी जितका जोर केला तितकी ती खाली गेली आणि शेवटी रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी पोटावर टेकली. ड्रायव्हर चिखल तुडवत गावात आला आणि विचारू लागला, बैल कोणाचे चांगले?

बैल पुंजारामचेच चांगले. त्यातही हौशा. पांढराशुभ्र, भरल्या वशिंडाचा, आणि स्वभावाने इतका शांत की जोडीचा पाखऱ्या ओढत नसला तर हा त्याच्याही वाटचं ओढून टाकायचा. पुंजारामने जोडी नेली, दोर बांधला, हौशाच्या पाठीवर थाप मारली. हौशाने मान खाली घातली आणि जीप बाहेर आली.

जीपमधून साहेब उतरला. बारीक, चष्म्याचा, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली, दोन्ही बूट एका हातात. जुन्या वस्तूंची देखभाल करणारं सरकारचं काही खातं आहे, त्यातला तो.

"जुन्या वस्तूचं खातं?" शेजारचा बुधाजी म्हणाला. "मंग याच गावात ऑफिस टाकाले काय झालं? इथं नवं काय हाय?"

साहेबाचे हातपाय गारठले होते. पुंजारामने त्याला घरी नेलं. साहेब दोन गळत्यांच्या मधली जागा धरून बसला आणि जमुनाने गुळाचा चहा दिला.

नत्थुजीला आयता माणूस मिळाला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, छाती भात्यासारखी वाजत होती, पण पाव्हणा आल्याचं कळलं की तो खाटेवर उठून बसायचा आणि खापरपणज्याची गोष्ट सांगायचा. बाळापुरात मोंगल होते तेव्हा एका सरदाराचा गाडा चिखलात फसला. खापरपणज्याने आपली जोडी जुंपून तो काढून दिला. गाड्यात कधी तंबू असायचे, कधी तोफ, कधी खुद्द बेगम. दमा जोरात असला की बेगम यायची नाही, गोष्ट तंबूवरच आटपायची.

"तवा थो सरदार म्हने, काय पायजे तुले?" नत्थुजी म्हणाला. "आमचा मानूस म्हने, मले काई नोको. माह्या बैलाले थंडी वाजते. तवापासून ही झूल हाय आमच्या घरात. पोयाले हौशा तिच्याखाली निंघाला का पाटलाच्या बैलाकडे कोनी पाहत नाई. सूनबाई, दाखव त्यायले."

पोळ्याआधी झुलीची उसवण शिवायचं काम घरातल्या सुनेचं. जमुना तेच करत होती. तिने सुई दातात धरली आणि झूल पसरली.

साहेबाने हातातली बशी खाली ठेवली. ठेवली ती नेमकी गळतीखाली. चहात थेंब पडत राहिले आणि चहा वाढत गेला, पण साहेबाचं लक्ष नव्हतं. मूळची लाल, आता विटेच्या रंगावर गेलेली मखमल. तिच्यावर कमान, कमानीत एक फुलाचं झाड, पानापानाला सोन्याची तार. साहेबाने बोट पुढे केलं आणि न लावताच मागे घेतलं.

"ही झूल नाही," तो म्हणाला. घरात कोणी आजारी असल्यासारखा तो हळू बोलत होता. "ही कनात आहे. शाही तंबूची कनात. तीनशे वर्षांची असेल."

"आमच्या बाबाचंही वय लय झालं," पुंजाराम म्हणाला, कारण काही तरी म्हणायला हवं होतं.

"हे मधोमध भोक कुणी पाडलं?"

"मंग वशिंड कुठं जाईन, साहेब?" नत्थुजी म्हणाला.

"आणि हे?"

"थे माह्या लुगड्याचं ठिगय हाय," जमुना सुई तोंडातून काढून म्हणाली.

साहेबाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. ठिगळ तिथेच होतं.

दारात बुधाजी उभा होता. त्याने सरळ विचारलं, "कितीची असन हे?"

"हिची किंमतच होऊ शकत नाही," साहेब म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत हे गावभर झालं. साहेबानं झूल पाह्यली, किंमत नाही म्हने. ऐकणारे म्हणाले, किंमत नाही तं मंग कायले येवढा बोंबलून राह्यला?

जाण्याआधी साहेबाने पोलीस पाटील खुशालरावला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर बजावलं. झुलीची घडी घालायची नाही. टांगायची नाही. सपाट ठेवायची. ओल लागू द्यायची नाही, धूर लागू द्यायचा नाही. या घरातून हलवायची नाही. बैलाच्या अंगावर तर मुळीच नाही. आता ती सरकारची नजर असलेली वस्तू आहे, काही झालं तर गुन्हा होईल. लवकरच माणसं येतील आणि पुढचं बघतील.

"मी हाय ना, साहेब," खुशालराव म्हणाला. पोळ्याला तोरणाखालून पहिलं जायचा मान त्याच्या बैलाचा होता, आणि दरवर्षी लोक मान त्याच्या बैलाला देऊन नजर हौशावर ठेवत. तो आनंदाने जबाबदार झाला.

साहेब गेला. झूल जमुनाच्या दोन्ही हातांवर होती आणि हात भरून आले होते.

"ठेवू कुठं?" तिने विचारलं.

सपाट, कोरडी, धुरापासून लांब. सगळ्यांनी घरात सभोवार पाहिलं. पाहण्यासारखं फार नव्हतं. नत्थुजीला दिसत नव्हतं तरी सगळ्यात आधी त्यालाच कळलं.

"मले खाली घ्या," तो म्हणाला. "तिले वर निजवा."

"बाबा, खाली पानी हाय."

"पानी आपलं हाय लेका, थे सरकारची हाय. चार दिसाचा तं सवाल. साहेबाचे मानसं येतीन, डोये भरून पाहतीन अन् जातीन. पोयाले हौशा आपली झूल घालून तोरनाखालून निंघन. अवंदा सारा तालुका पाह्यले येईन, पाहजो तू."

साहेबाच्या बोलण्यातलं त्याला एवढंच पटलं होतं की झूल चांगली आहे. ते त्याला आधीच माहीत होतं. दरवर्षी पोळा आला की तो म्हणायचा, हा माहा शेवटचा पोया. यंदा तो तसं म्हणाला नाही, म्हणून जमुनाला भीती वाटली.

त्याला उचलून भुईवर घेतलं. खाली रिकामी बारदानं, त्यावर घोंगडी. खाटेवर जमुनाने धुतलेलं धोतर अंथरलं आणि त्यावर झूल निजवली. खाटेच्या मानाने ती मोठी होती. लोंबणाऱ्या कडा पिढ्यावर आणि उपड्या टोपल्यावर टेकवल्या. घरातली बसायची सामग्रीही तिथेच संपली.

धूर नको म्हणून चूल गोठ्यात गेली. जमुना हौशाच्या पुढ्यात बसून भाकरी थापू लागली. पाखऱ्या मधूनच मान लांबवून पिठाचा वास घ्यायचा. गोठा घरापेक्षा जास्त गळत होता, त्यामुळे चूल पेटवायला फुंकून फुंकून तिचे डोळे सुजले. भाकरी एकीकडून करपायची, दुसरीकडून भिजायची.

पुंजाराम दिवसभर वावरातलं तुंबलेलं पाणी काढायला फावड्याने चर पाडायचा. पाडलेला चर मागून भरत यायचा. कंबर बोलायला लागली की घरी यायचा आणि उभाच राहायचा. टेकावं तर खाटेवर झूल, पिढ्यावर झुलीची कड, टोपल्यावर दुसरी कड, भुईवर बाप आणि भांडी. भिंतीला पाठ लावली तर सदऱ्यावर माती यायची. तो उभ्यानेच भाकरी खायचा.

बापाची जागा रोज बदलावी लागे. गळती आज इथे, उद्या तिथे. पुंजाराम आणि जमुना घोंगडीची चार टोकं धरून त्याला भांड्यांच्या मधून सरकवायचे. नत्थुजी हलका झाला होता. एकदा सरकवता सरकवता म्हणाला, "सोंगटी झालो मी. आता कोन्या घरात नेता?"

"इकडं जरा बरं हाय, मामाजी," जमुना म्हणाली. तितक्यात त्याच्या कपाळावर थेंब पडला.

खुशालराव रोज सकाळी छत्री घेऊन तपासायला यायचा. घरात आल्यावरही छत्री मिटायचा नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. झुलीवर वाकायचा, बोट फिरवून पाहायचा, बोटाचा वास घ्यायचा आणि म्हणायचा, "कोनी हात लावू नका बरं."

मग लोक पाहायला येऊ लागले. ज्यांनी तीच झूल जन्मापासून दरवर्षी पाहिली होती तेही आले. आशाबाई, पाटलाची बायको, नव्या लुगड्यात आली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "अगं माय, घरात किती ओल हाय वो! झुलीले बाधन ना!" जाता जाता तिचा पाय नत्थुजीच्या पायावर पडला. "इथं कोन हाय?" ती दचकून म्हणाली.

"मी हावो माय," नत्थुजी म्हणाला. "कनातीच्या घरचा."

त्याचा खोकला तेव्हा बदलला होता. आधी कोरडा होता, आता ओला झाला.

पुंजाराम पाटलाकडे गेला. खुशालराव ओसरीत कोरड्या झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होता.

"पाटील, झूल तुमच्या माळ्यावर ठेवा. तुमचं घर गयत नाई. बाबाले खाटेवर घेतो."

"साहेबानं काय म्हटलं? या घरातून हालवाची नाई. या म्हंजे कोनत्या? तुह्या."

"बाबाचा खोकला वाढून राह्यला."

"मले समजते रे. माह्या हातात असतं तं कवाच केलं असतं." अडकित्ता वाजला. "माह्या माळ्यावर उंदीर हायेत पुन्हा. एखादा तुकडा तोडला तं गुन्हा कोनावर? माह्यावर. अन् तुह्याच्यावरबी."

आता एकच उपाय होता, वर चढून बापाच्या नव्या जागेवरचे कवेलू सारखे करायचे. ओल्या कवेलूवर चढू नये हे पुंजारामला ठाऊक होतं. तो तरीही चढला. तळपायाखाली शेवाळ, पाठीवर पाऊस, कंबरेत कळ. एक कवेलू बसवला, दोन फुटले. फुटलेले होते ते नेमके त्या एका चांगल्या तुकड्याच्या कडेचे. खालून जमुना ओरडली, "अवो, झुलीवर! झुलीवर येते पानी!" मग तिने आणि दारात आलेल्या बुधाजीने मिळून खाट वीतभर सरकवली. खाट सरकली ती नत्थुजीच्या अंगावर, म्हणून नत्थुजी आणखी सरकला.

"पुंजाराम," आतून आवाज आला, "तू खाली उतर बाप्पा. तू वर चढला का पाऊस घरात येते."

साहेबाची माणसं आली नाहीत. खांदमळणीचा दिवस आला. या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. ते दरवर्षी नत्थुजी द्यायचा. पुंजारामने त्याला पाठकुळी घेऊन गोठ्यात नेलं. नत्थुजीने हौशाचा खांदा चाचपला, जू घासून पडलेल्या घट्ट्यावर तूप चोळलं आणि म्हणाला, "आज आवतन घे राजा, उद्या जेवाले ये. झूल घालून ये बरं."

परतताना, पाठीवरूनच, त्याने मुलाच्या कानाजवळ विचारलं, "उद्या घालतीन ना हौशाले?"

"घालतो बाबा," पुंजाराम म्हणाला.

मग तो पुन्हा पाटलाकडे गेला. तोरणाखालून जायचं तेवढंच. पाऊस लागला तर वरून घोंगडी धरतो. दोन माणसं चारी टोकं धरतील. हौशा हालणार नाही, त्याची जबाबदारी मी घेतो.

"बैलाची जबाबदारी मानसानं घ्यावी काय?" खुशालराव म्हणाला. "सारा गाव पाहीन. उद्या कोनी साहेबाले सांगतलं तं? मलेबी वाईट वाटते. झुलीबिगर पोयाची शोभा गेली."

हे बोलताना त्याने चेहरा बराच दुःखी केला होता. शेजारी त्याच्या बैलासाठी आणलेले नवे गोंडे, बाशिंग आणि आरशांची नवी झूल पसरलेली होती.

पुंजाराम घरी आला आणि नेहमीसारखा उभा राहिला. जमुनाला सांगावं लागलं नाही. तिने मडक्यांची उतरंड उतरवली, तळच्या मडक्यातून आपलं लग्नातलं लुगडं काढलं. लाल होतं, काठाला जर होती, एका बाजूला वाळवीने थोडं चाखलं होतं.

"मामाजीले कुठं दिसते," ती म्हणाली. "लाल तं लाल."

पोळ्याच्या दिवशी झड तशीच चालू होती, पण पोळा पावसासाठी थांबत नाही. हौशाची शिंगं रंगवली, बाशिंग बांधलं, पाठीवर जमुनाचं लुगडं चौघडी करून टाकलं आणि पोटाखालून सुतळीने आवळलं. पाचदहा पावलांतच लुगड्याचा रंग सुटला आणि पांढऱ्या हौशाच्या कुशीवरून लाल ओघळ उतरू लागले. निसरड्या रस्त्यावर तो घायाळ जनावरासारखा दिसत होता, पण चालत मात्र मानाच्या बैलासारखा होता.

तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणायची पद्धत. एकाने दुसऱ्याला टोमणा मारायचा, दुसऱ्याने परत करायचा, शेवटी सगळ्यांनी महादेवाचं नाव घ्यायचं. पाटलाच्या गड्याने, उत्तमरावाने, छाती फुगवून सुरुवात केली:

"झूल निजली खाटेवर, बाप निजला गाऱ्यात,
बायकोचं लुगडं नेसून बैल आला दारात!"

सारा पोळा हसला. काहींनी पुंजारामकडे पाहून हसू आवरलं, काहींना ते जमलं नाही. उलट झडती म्हणायची वेळ पुंजारामची होती. लोक थांबले. तो हौशाच्या कासऱ्याशी खेळत राहिला. बुधाजीने त्याच्या वतीने काही तरी जुळवायला तोंड उघडलं, पण बाजा वाजायला लागला. महादेवाचं नाव घेतलं गेलं आणि बैल सुटले.

हौशा दारात आला. जमुनाने पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, पुरणाची पोळी खाऊ घातली. नत्थुजीला उंबऱ्यात आणून बसवलं होतं, मागून पुंजारामने धरलं होतं.

"झूल टाकली?"

"टाकली, बाबा."

"जवय आन त्याले."

हौशा स्वतःच जवळ आला. नत्थुजीने हात वर केला. आधी नाकपुडी, मग मान, मग वशिंड. वशिंडावर हात जरा थांबला, कारण तिथे भोक नव्हतं. मग तो ओल्या कापडावरून खाली उतरला, काठाच्या जरीवर आला, वाळवीने खाल्लेल्या जागेवर आला.

"लोकायनं पाह्यलं?" नत्थुजीने विचारलं.

"सगयायनं पाह्यलं, बाबा."

"अन् पाटलाच्या बैलाकडं?"

"कोनी पाह्यलं नाई." हे खरंच होतं.

"मंग बरं," नत्थुजी म्हणाला आणि हात काढून घेतला. तळवा लाल झाला होता, ते त्याला दिसलं नाही.

त्याला परत आत नेलं. पुंजाराम हौशाला बांधायला गोठ्यात गेला. जमुना घोंगडी सारखी करत असताना नत्थुजी हळूच म्हणाला, "सूनबाई, लुगडं आजच्या आज धू वो माय. बैलाचा घाम लागला का डाग जात नाई."

तिने ते धुतलं. झड असल्यामुळे ते वाळलं मात्र नाही.

त्यानंतर नत्थुजीने खापरपणज्याची गोष्ट कोणाला सांगितली नाही. बेगमही आली नाही आणि तंबूही आले नाहीत. झड उघडायच्या सुमारास एका सकाळी त्याचा श्वास वर वर चालू लागला. पुंजारामने गंगेचं पाणी शोधलं, ते भांड्यांच्या गर्दीत सापडेना. घरात पाणी तेवढं भरपूर होतं. बुधाजी आला. म्हातारी पार्वताबाई आली. जाणाऱ्या माणसाला खाटेवर जाऊ द्यायचं नाही, भुईवर घ्यायचं, अशी रीत. तिने आयुष्यात बरीच माणसं अशी पोचवली होती. दारातूनच ती घाईने ओरडली:

"अरे पाहत काय राह्यले? खाली घ्या त्याले, खाली घ्या!"

"खालीच हाय," पुंजाराम म्हणाला.

पार्वताबाईने खाटेकडे पाहिलं, मग भुईकडे. ती नत्थुजीच्या उशाशी बसली आणि पदराने त्याच्या कपाळावरचं पाणी टिपू लागली.

ऊन पडल्यावर, तेरवी उरकल्यावर, जीप आली. साहेब तो नव्हता. त्या साहेबाची बदली झाली होती. हा तरुण होता, घाईत होता, आणि त्याला अजून तीन गावं करायची होती. त्याच्याबरोबर एक शिपाई.

"हीच का ती?" साहेबाने विचारलं.

"हेच," खुशालराव पुढे होऊन म्हणाला. "डोयात तेल घालून सांभायली साहेब. ओल नाही, धूर नाही. मी रोज येऊन पाहो."

"छान ठेवलीय," साहेब म्हणाला.

शिपायाने झुलीचं एक टोक धरलं, दुसरं टोक पुंजारामच्या हातात दिलं आणि म्हणाला, "धर." पुंजारामने धरलं. शिपाई त्याच्याकडे चालत आला आणि झूल दुमती झाली. मग चौमती. मग शिपायाने ती पोटाशी धरून आणखी दुमडली, गुडघ्याने दाबली आणि सुतळीने आवळली.

"साहेब," पुंजाराम म्हणाला. "घडी..."

"काय?"

"काई नाई."

"साहेब," जमुना दाराआडून म्हणाली, "तिच्यातलं थे निळं ठिगय माहं हाय. थेवढं काहाडून घेऊ काय?"

"आता त्यातलं काही काढता येणार नाही, बाई. जशी आहे तशीच जाईल."

शिपायाने गाठोडं जीपच्या मागच्या सीटखाली, चाक बदलायच्या सामानाजवळ कोंबलं आणि वर बसला. जीप निघाली. वाट वरून वाळली होती, आतून तशीच होती. नाल्याच्या अलीकडे, त्याच जागी, जीप पोटावर टेकली.

खुशालराव छत्री हलवत परत आला. "पुंजाराम, जोडी आन."

पुंजाराम उभा राहिला. जमुनाने त्याच्याकडे पाहिलं. तो गोठ्यात गेला आणि हौशा-पाखऱ्याला सोडून आणलं. दोर तोच होता. त्याने जीपच्या पुढच्या दांडीला गाठ मारली. खांदमळणीच्या हळदीचा पिवळेपणा हौशाच्या घट्ट्यावर अजून थोडा होता. पुंजारामने त्याच्या पाठीवर थाप मारली. नेहमीपेक्षा हळू मारली. हौशा थांबला असता तर कोणाला काही म्हणता आलं नसतं, बैल आहे, नाही ओढलं. पण हौशाचा स्वभाव तसा नव्हता. त्याने मान खाली घातली, चारी खूर मातीत रोवले, आणि दोन्ही बैलांचं जवळपास एकट्याने ओढून जीप कोरड्या वाटेवर आणून दिली.

"वा," साहेब म्हणाला. "जनावर चांगलं आहे."

ड्रायव्हरने पुंजारामच्या हातात एक बिडी ठेवली. जीप गेली.

वाटेने बुधाजी बरोबर होता. शेवटी त्याच्याने राहवलं नाही.

"तुह्या खापरपंज्यानं गाडा काहाडून देल्ला तं त्याले झूल भेटली."

"हं."

"तुले काय भेटलं?"

पुंजारामने मूठ उघडून दाखवली. मातीच्या हातात बिडी भिजून फुटली होती.

घरी आले तेव्हा पार्वताबाई आणि शेजारची दोनचार माणसं येऊन बसली होती, एखाद्याच्या घरून कोणी गेल्यावर बसतात तशी. चूल घरात आणायला आता हरकत नव्हती, तरी जमुना चहा ठेवायला गोठ्यातच गेली. दारातून ऊन आत आलं होतं. भुईवरची भांडी अजून मांडलेलीच होती. त्यांच्या मधोमध, फेरलेल्या कवेलूंच्या खाली, खाट रिकामी होती. पिढं आणि उपडं टोपलंही तिच्या दोन्ही बाजूंना तसंच होतं.

बुधाजी बोलता बोलता खाटेवर टेकायला गेला आणि अर्ध्यातच उठला.

"ओल-गिल लागन," तो म्हणाला, आणि धोतर झाडून भुईवर बसला. पुंजाराम त्याच्या शेजारी बसला.